महेश्वर पायी बघायचंय? मग वरून खाली या

आपल्याकडचे बरेच जण मध्य प्रदेशातलं ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू असं तीन दिवसात उरकतात आणि त्यात महेश्वरच्या वाट्याला येतात जेमतेम दोन तास, तेही भर दुपारी. गाडी थेट घाटापाशी लागते, पाण्यात पाय बुडवून होतात, किल्ल्याकडे पाठ करून सेल्फी होतो, एक साडी घेतली की चला मांडूला. मी पण पहिल्यांदा असंच केलं होतं, आणि ते मे महिन्यात. इथला, म्हणजे खरगोन जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. देवळात चपला काढल्या आणि सावलीपर्यंतची वीस पावलं अक्षरशः नाचत गेले, तळपायाला फोड आले ते नाशिकला येईपर्यंत होते.

त्यानंतर दोनदा गेले आणि आता माझा एक रूट ठरलाय. एकूण अंतर फार नाही, दीड-दोन किलोमीटरच्या आतच असेल, पण तो नीट करायला एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्या. म्हणजे एक मुक्काम पाहिजेच. आणि सुरुवात वरून करायची, राजवाड्यापासून, मग पायऱ्या उतरत नदीपाशी. कारण साधं आहे, वरून येताना आधी अहिल्याबाई होळकरांचं घर दिसतं, मग त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं देऊळ, मग नर्मदा. खालून वर गेलं तर पायऱ्या चढून दम लागलेला असतो आणि राजवाडा बघून लोक म्हणतात, हे एवढंच?

आधी पोचायचं कसं ते

विमानाने किंवा ट्रेनने येणारे इंदूरला उतरतात, तिथून साधारण ९०-९५ किलोमीटर. आपण नाशिक-धुळ्याकडचे लोक मात्र सरळ आग्रा रोड धरतो. धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट चढून सेंधवा, जुलवानिया, ठीकरी, आणि खलघाटला नर्मदेचा पूल आला की गाडीतले सगळे आपोआप हात जोडतात. पूल ओलांडला की धामनोद, आणि तिथे हायवे सोडून आत वळलात की तेरा-चौदा किलोमीटरवर महेश्वर. घाटात ट्रकची लाईन लागलेली असते त्यामुळे वेळेचा हिशोब सैल ठेवा, आणि अंधार पडायच्या आत घाट ओलांडलेला बरा.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदीचं रूप भारी असतं पण खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात आणि मग अर्धा रूटच गायब. एक अजून, महेश्वरमध्ये २०२५ च्या एप्रिलपासून दारूबंदी आहे. ग्रुप घेऊन जाणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवा, नंतर कटकट नको.

संध्याकाळ: राजवाडा ते पाणी

चारच्या सुमारास निघा. बाजार चौकातून किल्ल्यावर चालत जाता येतं, चढ आहे पण फार नाही. सोबत वयस्कर कोणी असेल तर रिक्षाने वर जा, किल्ल्याच्या आत वस्ती आहे त्यामुळे रिक्षा येतात. किल्ला म्हणून रायगड-प्रतापगड डोक्यात घेऊन जाऊ नका. हा रोज वापरातला किल्ला आहे, आत घरं आहेत, गायी आहेत, पोरं क्रिकेट खेळत असतात.

राजवाड्याच्या अंगणात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, हातात पिंड घेतलेला. त्याच्या मागे जो वाडा आहे तो बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, अगं हा तर आपल्या गावच्या वाड्यासारखा आहे. अगदी बरोबर. लाकडी खांब, चौक, पडवी, जाड भिंती. उत्तरेत जे राजवाडे बघायची सवय असते, संगमरवर, आरसे, झुंबरं, त्यातलं काही नाही. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला, १७६६ ला सासरे मल्हारराव गेले, १७६७ ला मुलगा मालेराव गेला, आणि मग या बाईने होळकरांचा कारभार हातात घेऊन राजधानी इथे नर्मदेकाठी आणली. इथे बसून काशी विश्वेश्वराचं देऊळ उभं केलं, गयेचं विष्णुपद बांधलं, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः राहिली अशा वाड्यात. आत त्यांची गादी आहे, पांढरी, साधी. शेजारी पालखी, शस्त्रं, जुनी चित्रं. देवघरात सोन्याचा झुला आहे तेवढाच काय तो थाट, तो पण देवाचा.

वाड्याच्या एका भागात हेरिटेज हॉटेल आहे, तिथे राहत नसाल तर त्या बाजूला जाता येत नाही, उगाच गार्डशी वाद घालू नका. मात्र एक गोष्ट आठवणीने करा: उद्या सकाळी लिंगार्चन किती वाजता आहे ते तिथे विचारून ठेवा. ते काय असतं ते पुढे सांगते.

राजवाड्यातून बाहेर पडलं की उताराला लागताना रेहवा सोसायटीचं हातमाग केंद्र लागतं. रेहवा म्हणजे रेवा, नर्मदेचंच नाव. १९७०च्या दशकात होळकर घराण्यातले रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी हे सुरू केलं, तेव्हा इथली हातमागाची विणकरी जवळजवळ मोडीत निघाली होती. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले होते, नऊवारी आणि पागोट्याचं कापड विणायला. म्हणजे महेश्वरी साडी मुळात आपल्याच बायकांसाठी बनली असं म्हणायला हरकत नाही! आत जाऊन माग बघता येतात, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि आठवड्यातून एक दिवस बंद असतं तेव्हा हॉटेलवाल्याला वार विचारून घ्या.

इथे घाई करू नका प्लीज. खटखट आवाज सुरू असतो, बायका पायाने पावडी दाबतात आणि हाताने दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळतो, दहा मिनिटं बघितलं तरी कापड बोटभरच पुढे सरकतं. तेव्हा कळतं की साडीची किंमत कशाची असते. काठावरची डिझाईन नीट बघून ठेवा कारण थोड्या वेळाने तीच तुम्हाला दगडात दिसणार आहेत: चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल, आणि लहर म्हणजे नर्मदेच्या लाटा. मी हे पहिल्या फेरीत मिस केलं होतं.

मग पायऱ्या. रुंद, दगडी, भरपूर. गुडघे दुखणाऱ्यांनी काठाकाठाने, थांबत थांबत. ज्यांना उतरणं जमणारच नाही त्यांना रिक्षाने वळसा घालून घाटाच्या बाजूला सोडता येतं, तिथे पण गाड्या येतात. पायऱ्या उतरताना वर बघा, खाली बघा, आणि अंग चोरून कडेला बसलेल्या कुत्र्यांवर पाय देऊ नका.

खाली आलात की दगडी चौक लागतो आणि त्यात समोरासमोर दोन वास्तू. एक अहिल्येश्वर, अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ बांधलेलं शिवालय. दुसरी विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक. गाईड अहिल्येश्वरापाशी भरपूर बोलतात आणि छत्री एका वाक्यात आटपतात. मी उलट सांगेन. छत्रीच्या जोत्यावर सगळीकडून हत्ती कोरलेत, एकामागे एक. ते बघा आणि मग पुण्यात १८०१ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आठवा. दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे विठोजींना हत्तीच्या पायी दिलं. त्यांचा भाऊ यशवंतराव पुढच्याच वर्षी फौज घेऊन पुण्यावर चालून गेला, २५ ऑक्टोबर १८०२, हडपसरची लढाई, पेशवा पळाला वसईला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. मराठी राज्य कसं बुडालं हे आपण शाळेत वसईच्या तहापासून शिकतो, पण त्याच्या आधीची पायरी इथे महेश्वरात आहे, शांतपणे, आणि बहुतेक पर्यटक तिच्यावर बॅग टेकवून पाणी पितात. कोरीवकाम करणाऱ्याने ते हत्ती मुद्दाम निवडले की छत्र्यांवर असतात तसे सहज आले ते सांगता येत नाही, पण मला तिथे दर वेळी अंगावर काटा येतो.

चौकातून दरवाज्याबाहेर पडलं की एकदम उघडं, समोर नर्मदा. पात्र चांगलंच रुंद आहे. महेश्वर उत्तर काठावर आहे, म्हणजे नदीकडे तोंड केलं की तुमचं तोंड दक्षिणेला, उजवीकडे मावळत, डावीकडे उगवत, आणि नदी वाहते उजवीकडे. हे सांगायचं कारण म्हणजे फोटो. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो त्यामुळे किल्ल्याच्या भिंतीवर सकाळी पण आणि साडेचार-पाचला पण छान तिरपा प्रकाश पडतो. खालच्या पायरीवर उतरून नदीकडे पाठ करायची आणि वर बघायचं, बुरूज, सज्जे, जाळ्या, कोरलेल्या पट्ट्या, मघाशी मागावर बघितलेली चटई-वीट तिथे दगडात सापडते का ते पोरांना शोधायला लावा. आमच्या मुलीने अर्धा तास त्यात घालवला, मोबाईल न मागता.

नावेचं काय? बसायच्या आधी भाडं ठरवा, सगळ्यांचं मिळून की माणशी ते स्पष्ट विचारा, आणि लाईफ जॅकेट मागून घ्या, न मागता देतीलच असं नाही. पात्रात मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे तिथवर फेरी मारून आणतात. पाण्यातून दिसणारा किल्ला हा खरा बघायचा किल्ला, त्यासाठी नावेत बसाच. आणि सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास. परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे, मात्र या नावेत बसत नाहीत, परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. त्यांना ओळखणं सोपं आहे, पांढरे कपडे, हातात दंड आणि कमंडलू, आणि इथे म्हणजे उत्तर काठावर ते पश्चिमेकडून येऊन पूर्वेला मंडलेश्वरच्या दिशेने जात असतात कारण मैया कायम उजव्या हाताला ठेवायची. त्यात मराठी माणसं इतकी असतात की तुम्ही नर्मदे हर म्हणालात की समोरून "कुठले तुम्ही?" येतं. आम्हाला एक आजोबा भेटले होते, सांगलीकडचे, पायात साधी रबरी चप्पल. त्यांना चहा विचारला तर म्हणाले साखर कमी.

अंधार पडताना घाटावर आरती होते. हरिद्वार-काशीसारखा इव्हेंट अपेक्षित धरू नका, लहानशी असते, आणि म्हणूनच मला आवडते. द्रोणातले दिवे सोडतात, पानाचा द्रोण घ्या, प्लास्टिकचा देत असतील तर नको म्हणा.

पाण्याबद्दल एक सिरियस सूचना. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की पातळी वाढते. पाय बुडवा, तांब्याने अंगावर घ्या, पण पोहायचा उत्साह नको. काठाशी उथळ वाटतं आणि पुढे एकदम खोल असतं.

सकाळ: लिंगार्चन, मग घाटाची लांबी

सहाला उठा. रात्री जी गर्दी होती ती नसते, घाटावर फक्त आंघोळीला आलेले गावकरी, धोब्याचा एखादा दगड आणि धुकं. काल घाटाच्या मधल्या भागातच वेळ गेला असेल, आज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट, नावं वाचत गेलात तरी आपल्याच पेठांमधून फिरल्यासारखं वाटतं.

फणसे नाव आलं की मी थोडी थांबते. अहिल्याबाईंची एकच मुलगी, मुक्ताबाई. ज्याने मुलखातल्या लुटारूंचा बंदोबस्त केला त्याला बाईंनी मुलगी दिली अशी गोष्ट सांगतात, तो हा यशवंतराव फणसे. १७९१ ला तो वारला आणि मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. ही तीच अहिल्याबाई जिला स्वतःला खंडेराव गेल्यावर सती जायचं होतं आणि सासऱ्याने थांबवलं होतं. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कमने लिहून ठेवलंय की मुलीची चिता पेटली तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या आणि दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, पुढे तीन दिवस अन्न घेतलं नाही. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला, त्या गेल्या. घाटावर सतीचे दगड आहेत, बारके, सहज नजरेतून सुटतील असे. कोणाचा कुठला ते लिहिलेलं नाही. बघा आणि पुढे चला, तिथे फोटोसाठी पोझ देणारे लोक बघून मला कसंतरी होतं.

मग परत वर, लिंगार्चनाला. हे बहुतेक पॅकेजवाल्यांना माहीतच नसतं. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली पूजा आहे, राजवाड्याच्या आवारात रोज सकाळी ब्राह्मण बसतात, काळ्या मातीचे बारीक बारीक शिवलिंग लाकडी पाटावर भराभर करत जातात, प्रत्येकात एक तांदळाचा दाणा, हजारो होतात, मग पूजा होते आणि सगळं नर्मदेत विसर्जन. इतकी मेहनत आणि तासाभरात पाण्यात. गप्प बसून बघा, मध्ये बोलू नका, मोबाईल सायलेंट. बाईंच्या हुकुमांवर त्यांचं नाव नसायचं, "श्री शंकर" एवढंच असायचं, राज्य शंकराचं आणि आपण कारभारी. ते वाचलेलं होतं, पण या मातीच्या पिंडींसमोर बसल्यावर ते पुस्तकातलं वाटत नाही.

राजराजेश्वराचं देऊळ पण याच परिसरात आहे, कोणालाही विचारा. तिथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात आणि लोक नवसाला तूप वाहतात. हे स्थान सहस्रार्जुन राजाचं मानतात, महेश्वर म्हणजेच पुराणातली त्याची माहिष्मती. आत गेल्यावर आधी तुपाचा वास येतो, मग डोळ्यांना दिवे दिसतात.

पोटाचं

सकाळी पोहे-जिलेबी. पोहे आपल्यासारखे परतलेले नसतात, वाफेवरचे मऊ असतात, वरून शेव आणि जिरावन मसाला. पहिल्या घासाला आपल्याला गोडसर लागतात, तिसऱ्या घासाला दुसरी प्लेट सांगतो. जेवायला दाल-बाटी सगळीकडे मिळते पण कुठे दाल-पानिया दिसलं तर ते घ्या, ते निमाडचं, म्हणजे याच भागातलं आहे, मक्याच्या पिठाचे गोळे पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजतात. आणि तिखट जपून, खरगोन जिल्हा मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. घाटावर भेळ, चणे, चहा एवढंच.

साडी घ्यायचीच असेल तर

रूट संपल्यावर घ्या, आधी नाही. नाहीतर पिशवी घेऊन पायऱ्या उतराव्या लागतात, आणि माग बघितलेला नसतो त्यामुळे दुकानदार सांगेल ते खरं. मी पहिल्या खेपेला एका दुकानात "प्युअर हँडलूम" म्हणून घेतलेली साडी घरी आल्यावर ओळखीच्या बाईंना दाखवली, त्यांनी उलटी करून बघितली आणि नुसत्या हसल्या. पॉवरलूम निघाली. चूक माझीच, बघायचं काय तेच माहीत नव्हतं.

आता मी हे बघते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात, उलट बाजूला धाग्यांची लोंबकळ दिसली तर परत ठेवा. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असेल तर साडी हलकी आणि किंचित चमकदार लागते, पूर्ण कॉटन वेगळी, तेव्हा नक्की काय आहे ते विचारा. हातमागाच्या कापडात कुठेतरी बारीक चूक असते, विण जरा सैल-घट्ट, तीच खूण. अगदी यंत्रासारखी एकसारखी असेल तर शंका घ्या. हँडलूम मार्कचं लेबल मागा. आणि बाजारात घेण्यापेक्षा किल्ल्यातल्या केंद्रात किंवा गल्लीतल्या विणकराच्या घरी घ्या, माग सुरू असतो त्या घरात खट्-खट् ऐकू येतं, आवाजावर चालत जा. भाव थोडाफार करा पण घासाघीस नको, दहा मिनिटांत बोटभर कापड सरकताना बघितलंय ना आपण.

सामान लागतं फार थोडं. सहज काढता-घालता येतील अशा चपला, उन्हाळा असेल तर जाड मोजे (हसू नका, देवळात चपला काढून मोज्यांवर फिरता येतं), टोपी, पाण्याची बाटली, सुटे पैसे. आंघोळ करणार असाल तर टॉवेल. घाटावर बायकांसाठी कपडे बदलायची सोय आहे पण सकाळी गर्दी असते, कोणीतरी साडी धरून उभं राहणारं सोबत असलेलं बरं.

साडेदहा-अकरापर्यंत दगड तापायला लागतात, त्याच्या आत हॉटेलवर परत. मांडूला जाणार असाल तर अंतर चाळीसेक किलोमीटर आहे, जेवून निघालात तरी दुपार तिथे जाते. परतीला आग्रा रोडच धरणार असाल तर खलघाटच्या पुलावर काच खाली करा, टोलच्या आधी उकडलेली मक्याची कणसं विकणारे असतात, आम्ही दर वेळी थांबतो.